बालकांतील अवधान-न्यूनता आणि मेंदूचा विद्युत्-आलेख

वर्तकनगर, लोकमान्यनगर, शिवाईनगर या परिसरात चिकित्सा करीत असताना आमच्याकडे येणाऱ्या पालकांमध्ये एक नवा वर्ग दिसू लागला आहे. मूल सात-आठ वर्षांचे असते. शाळेतून तक्रार आलेली असते, की लक्ष नाही, जागेवर बसत नाही, वही अपुरी राहते. आणि पालकांच्या हातात एक जाड फाईल असते. तिच्यात मेंदूची रंगीत वर्तुळे छापलेली असतात, कोठे लाल, कोठे निळे, आणि शेवटच्या पानावर ‘थीटा-बीटा गुणोत्तर’ या नावाने एक आकडा असतो. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, हा आकडा तुमच्या औषधाने खाली येईल का?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो आकडा काय आहे आणि त्यावरून काय ठरते, हे आपणास ठाऊक असले पाहिजे. आपल्या अभ्यासक्रमात ई.ई.जी. हा विषय अपस्माराच्या अनुषंगाने दोन ओळींत येऊन जातो. म्हणून या लेखात त्याचा थोडा विस्ताराने विचार करीत आहोत. औषधविक्रेत्या बंधूंशी संबंधित भाग लेखाच्या उत्तरार्धात आहे; त्यांनी तो अवश्य वाचावा.

विद्युत्-आलेखाची पार्श्वभूमी

मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. टाळूवर लावलेल्या धातूच्या चकत्यांमधून मिळणारा हा विद्युद्दाब व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका सूक्ष्म असतो. दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांवरून लहरींचे प्रकार पाडले जातात : चारपेक्षा कमी त्या डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, आणि तेरापासून सुमारे तीसपर्यंत बीटा. डेल्टा गाढ निद्रेत प्रबळ असते, थीटा पेंगुळलेल्या अवस्थेत वाढते, डोळे मिटून स्वस्थ बसले असता डोक्याच्या मागील भागी अल्फा दिसते आणि मन व्यापृत असताना बीटा वाढते. हे वर्णन स्थूल आहे. प्रत्यक्ष आलेखात या सर्व लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

मुलांच्या चंचलतेशी या आलेखाची सांगड घालण्याचा प्रयत्न नवा नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली वर्तनदोष असलेल्या मुलांना बेन्झेड्रीन देऊन पाहिले. आज अतिचंचलतेसाठी वापरल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांचा उगम त्या प्रयोगात आहे. पुढच्याच वर्षी हर्बर्ट जॅस्पर, सॉलोमन व ब्रॅडली यांनी अशाच मुलांचे विद्युत्-आलेख प्रसिद्ध केले आणि त्यांत मंद लहरींचे आधिक्य नोंदविले. पुढे १९९० च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने थीटा आणि बीटा यांचे प्रमाण अंकांत मांडता येऊ लागले. अवधान-न्यून मुलांत हे गुणोत्तर वाढलेले असते, असे निष्कर्ष अनेक ठिकाणांहून आले. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गुणोत्तरावर आधारित एका यंत्रास सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. मात्र ती देताना स्पष्ट केले, की चिकित्सकाच्या संपूर्ण परीक्षणास साहाय्य म्हणूनच हे यंत्र वापरावे. जाहिरातींमध्ये मान्यतेचा उल्लेख राहिला आणि अट गळून पडली.

आकडा का फसवतो

त्याच २०१३ साली मार्टिन आर्न्स, कीथ कॉनर्स व हेलेना क्रेमर यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. जुन्या अभ्यासांत निरोगी व अवधान-न्यून मुलांतील फरक मोठा होता, नव्या अभ्यासांत तो वर्षागणिक कमी होत गेला. कारण पाहू जाता असे आढळले, की निरोगी मुलांतीलच हे गुणोत्तर वाढत चालले आहे. मुलांची झोप कमी झाली असल्याने पेंगुळलेल्या मेंदूची थीटा निरोगी मुलांतही वाढली असावी, असा तर्क लेखकांनी मांडला आणि हे गुणोत्तर निदानाचे विश्वसनीय साधन मानता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. २०१६ साली अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने चिकित्सकांना दिलेल्या सल्ल्यात हेच सांगितले, की अवधान-न्यूनतेच्या निदानास पुष्टी देण्यासाठी हे गुणोत्तर वापरू नये, त्याचे स्थान संशोधनात आहे.

वयाचा मुद्दा यात आणखी गुंतागुंत करतो. बालकांत थीटा स्वभावतःच अधिक असते. डोक्याच्या मागील भागातील मुख्य लय तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सेकंदास आठ आवर्तनांपर्यंत पोचते आणि पुढे हळूहळू प्रौढांच्या नऊ-दहापर्यंत जाते. सहा वर्षांच्या मुलाचा आकडा दहा वर्षांच्या मुलाच्या मापाने मोजला, तर लहान मूल रोगी ठरणारच. शिवाय ज्या दिवशी आलेख घेतला त्या दिवशी मूल रात्री किती झोपले होते, आलेख घेताना पेंगत होते का, हलत होते का, हे त्या रंगीत पानावर छापलेले नसते.

येथे एका मोहाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आपल्या काही परिसंवादांत थीटा म्हणजे तम, बीटा म्हणजे रज, अल्फा म्हणजे सत्त्व अशी जुळणी मांडली जाते. ऐकावयास ती गोड वाटते. परंतु गाढ निद्रेतील डेल्टा ही निरोगी देहाची गरज आहे, तिला तमोदोष कसे म्हणावे? आणि चिंताग्रस्त मनुष्यातही बीटा वाढते, मग तिथे अवधान चांगले असते काय? आमच्या मते त्रिगुणांची आणि लहरींची अशी जुळणी करण्यास शास्त्राधार नाही आणि प्रयोगाचाही आधार नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आरंभीच मनाचे लक्षण सांगितले आहे. इंद्रिय व विषय यांचा संयोग असूनही मन तेथे नसेल तर ज्ञान होत नाही, असा त्याचा आशय आहे. धी, धृती, स्मृती यांचा विचारही तेथेच आहे. हे निकष वर्तनाचे आहेत आणि ते वर्तनातच तपासावे लागतात.

मग निदान कसे?

आधुनिक निकषही वर्तनाचेच आहेत, ही बाब आपल्या दृष्टीने सोयीची आहे. २०१३ च्या डी.एस.एम. पाचव्या आवृत्तीनुसार अनवधानाची नऊ आणि अतिचंचलता-आवेगाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांत यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने असावीत, त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती आढळावीत आणि त्यामुळे मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होत असावे. “मोबाईल असला की दोन तास हलत नाही, मग याचे लक्ष कमी कसे?” असे आजी-आजोबा विचारतात. त्याचे उत्तर असे, की सतत नवे दृश्य आणि लगेच मिळणारे बक्षीस यांवर टिकणारे लक्ष वेगळे, आणि कंटाळवाण्या पाढ्यांवर टिकवावे लागणारे लक्ष वेगळे. या विकारात दुसरे ढळते.

केवळ घरी चंचल आणि शाळेत शांत, किंवा उलट, असे असेल तर हा विकार नसून परिस्थितीचा परिणाम असण्याची शक्यता अधिक. म्हणून शिक्षिकेकडून एक पानाचे लेखी निवेदन मागवावे. आमचा अनुभव असा, की हे एक पान त्या जाड फाईलपेक्षा अधिक सांगून जाते. वर्गात चुळबुळ न करणारी, खिडकीतून बाहेर पाहणारी, ‘गरीब आहे हो’ म्हणून सुटणारी मुलगी याच निवेदनातून हाती लागते. अनवधानप्रधान प्रकार मुलींमध्ये बराच काळ दुर्लक्षित राहतो.

निदानापूर्वी काही गोष्टी आपल्या दवाखान्यातच पाहता येतात. दृष्टी व श्रवण तपासले आहे का? पाण्डु आहे का, कृमी आहेत का? मूल तोंड उघडे ठेवून घोरते का? टाळूमागच्या ग्रंथी वाढल्या असतील तर रात्री श्वास अडतो, झोप तुटते, आणि दिवसा तेच मूल चंचल व चिडखोर होते. निद्रेचा इतिहास तर विस्ताराने घ्यावा. आपल्या भागातील घरांचे वेळापत्रक आपण जाणतोच. आई-वडील मुंबईहून लोकलने ठाणे स्थानक, तेथून बस किंवा रिक्षा, असे घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मग जेवण, गृहपाठ, दूरदर्शन. मूल साडेअकराला झोपते आणि सकाळच्या सत्राच्या शाळेसाठी सहाला उठते. या वयाच्या मुलास नऊ ते बारा तासांची निद्रा लागते. आहाराबरोबर निद्रेस उपस्तंभ म्हणणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी साडेसहा तास झोपणाऱ्या मुलास मेध्य रसायन सुरू करावे आणि झोपेविषयी एक शब्द विचारू नये, हे विसंगत आहे. अशा मुलांत प्रथम तीन-चार आठवडे केवळ निद्रा व आहारकाल सुधारून पाहावे. काहींच्या शाळेच्या तक्रारी एवढ्यानेच निम्म्या होतात.

विद्युत्-आलेख अनिवार्य केव्हा

आतापर्यंतच्या विवेचनावरून ई.ई.जी. निरुपयोगी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. एका विशिष्ट प्रसंगी तो न काढणे हा मुलावर अन्याय ठरतो.

लोकमान्यनगरातून आठ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आणली गेली. ‘लक्ष नाही’ हीच तक्रार होती आणि सहा महिने एक स्मृतिवर्धक सिरप चालू होते. तिची शुद्धलेखनाची वही पाहिली. चुका फारशा नव्हत्या, परंतु वाक्यांच्या मध्ये दोन-दोन, तीन-तीन शब्द गळालेले होते आणि पुढचे वाक्य पुन्हा अचूक होते. चंचल मुलाच्या वहीत अशी रिकामी जागा सहसा दिसत नाही. तेथे अक्षर बिघडते, ओळ सोडली जाते, चित्रे काढलेली असतात. आम्ही कागदाची एक पट्टी तिच्या तोंडासमोर धरून ती सतत फुंकत राहण्यास सांगितले. दीड मिनिटाने फुंकर थांबली, नजर स्थिर झाली, पापण्या फडफडल्या. हाक मारली, उत्तर नाही. दहा-बारा सेकंदांनी तिने जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा फुंकावयास आरंभ केला. बालमज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठविल्यावर आलेखात सेकंदास तीन या गतीने येणारे शिखर व लहर यांचे जोडमिश्रण आढळले. हा अपस्मारच होता, आधुनिक परिभाषेत ‘ॲब्सेन्स’ प्रकारचा.

अपस्माराच्या शास्त्रोक्त वर्णनात स्मृतीचा नाश, तमःप्रवेश आणि बीभत्स चेष्टा सांगितल्या आहेत. येथे चेष्टा जवळजवळ नसतात. क्षणभर तमःप्रवेश होतो आणि संपतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. साधारणतः चार ते दहा वर्षे या वयात आरंभ होतो आणि दिवसातून दहा-वीस, कधी शेकडो वेळाही आवेग येतात. विभेदक लक्षणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. स्वप्नाळू मुलाच्या खांद्यास हात लावला की ते भानावर येते, आवेगातील मूल येत नाही. स्वप्नाळूपणा कंटाळ्याच्या वेळी येतो. आवेग मात्र खेळताना, घास तोंडात असताना, वाक्याच्या मध्यावरही येतो. वर सांगितलेली दीर्घश्वसनाची चाचणी तीन मिनिटे करावी. भिरभिरे फुंकण्यास दिले तरी चालते. उपचार न झालेल्या बहुसंख्य मुलांत तीत आवेग प्रकट होतो. तमकश्वास, हृद्रोग किंवा सिकलसेल असलेल्या मुलांत ही चाचणी करू नये.

अशा संशयात विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. उशीर झाल्यास मुलाचे वर्षच्या वर्ष वाया जाते, आणि पोहताना किंवा रस्ता ओलांडताना आलेला आवेग जिवावर बेतू शकतो. एथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट यांनी हा प्रकार बहुतेक मुलांत आटोक्यात येतो. उलट कार्बामाझेपीन व फेनिटॉइन यांनी तो वाढू शकतो. म्हणून ‘फिटची गोळी’ कोणती चालू आहे, हे नाव पाहूनच नोंदवावे.

आलेखासाठी पाठविताना एक सूचना आपल्यासारख्यांनीच द्यावयाची असते. आदल्या दिवशी डोके धुवावे आणि तेल लावू नये. शिरोभ्यंग किंवा शिरोधारा चालू असेल तर ती थांबवावी, कारण तेलकट त्वचेवर चकत्या नीट संपर्क करीत नाहीत व आलेख बिघडतो. अहवाल आल्यावर दुसऱ्या टोकाचीही चूक करू नये. इटलीत कॅव्हाझूटी यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते तेरा वर्षांच्या तीन हजार सातशेहून अधिक निरोगी शाळकरी मुलांपैकी सुमारे साडेतीन टक्के मुलांत आवेगसदृश विद्युत्-शिखरे आढळली होती. चंचल मुलाच्या अहवालात एखादे शिखर दिसले म्हणून त्यास अपस्मारी ठरवून औषधे सुरू करणे योग्य नव्हे. लक्षण आणि आलेख दोन्ही जुळावे लागतात.

चिकित्सा व औषधविक्रेत्यांशी संबंधित विचार

मेध्य रसायनांविषयी आपल्या मनात आदर आहे, तो असावाच. मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांचा चरकोक्त समूह, काश्यपसंहितेतील लेह, ब्राह्मीघृत, सुवर्णप्राशन ही आपली परंपरा आहे. तथापि पालकांना सांगताना मोजून बोलावे. ऑस्ट्रेलियात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर ब्राह्मीच्या सत्त्वाचा चौदा आठवड्यांचा नियंत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनवधान व अतिचंचलता या मुख्य लक्षणांत निष्क्रिय गोळीपेक्षा विशेष फरक दिसला नाही. निद्रा व काही बौद्धिक कसोट्यांत मात्र लाभ आढळला. हे आम्ही पालकांस सांगतो, आणि त्यामुळे कोणी दवाखाना सोडून गेल्याचे स्मरत नाही. थीटा-बीटाच्या आधारे लहरी ‘शिकविण्याच्या’ यंत्रोपचाराविषयीही पालक विचारतात. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांवरील, कोणास खरा उपचार मिळतो आहे हे गुप्त ठेवून केलेल्या अभ्यासात (२०२१) खऱ्या व बनावट उपचारांत फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील मुले सुधारली. नियमितपणे येणे, कौतुक होणे, घरात लक्ष दिले जाणे यांचा तो परिणाम असू शकतो.

सहा वर्षांखालील मुलांत पालकांचे प्रशिक्षण हाच प्रथमोपचार मानला जातो. मोठ्या मुलास मिथिलफेनिडेट चालू असेल तर ते आपण परस्पर बंद करवू नये. मार्गदर्शनासाठी ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आय.पी.एच. ही संस्था आहे, आणि परळ व शीव येथील महापालिका रुग्णालये लोकलच्या अंतरावर आहेत.

आता दुकानाकडे वळू. शंखपुष्पीचे सिरप परीक्षेच्या मोसमात चिठ्ठीविना सर्रास विकले जाते. १९९२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास प्रत्येक दुकानदाराने माहीत करून घ्यावा असा आहे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत अनपेक्षितपणे आवेग पुन्हा सुरू झाले व रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरलेली आढळली. दोघेही शंखपुष्पीचा एक आयुर्वेदीय कल्प घेत होते. त्यानंतर उंदरांवर प्रयोग केले असता, अनेक मात्रा एकत्र दिल्यावर फेनिटॉइनची पातळी आणि परिणाम दोन्ही घटल्याचे दिसले. शंखपुष्पी अपस्मारातही सांगितली जाते, त्यामुळे ही दोन औषधे एकाच घरात असणे अगदी संभवनीय आहे. बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे : “मुलाला फिटचे कोणते औषध चालू आहे का?” उत्तर होकारार्थी असल्यास बाटली परत कपाटात ठेवावी आणि वैद्याकडे पाठवावे.

द्रव्यांच्या ओळखीचाही प्रश्न आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी व मण्डूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. परंतु महाराष्ट्रातील बाजारात सेंटेलाच ‘ब्राह्मी’ म्हणून मिळते आणि खऱ्या ब्राह्मीस नीरब्राह्मी म्हणावे लागते. शंखपुष्पीच्या नावाखाली कन्व्होल्व्ह्युलसऐवजी विष्णुक्रांता किंवा गोकर्णही येते. आपण स्वतः चूर्ण किंवा घृत सिद्ध करीत असाल तर पुरवठादाराकडून वनस्पतीचे शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावे.

शेवटी रसकल्प. स्मृतिसागर रसात पारदाबरोबर हरताळ व मनःशिळा आहेत, म्हणजे सोमलाचे संयुग आहे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावर आपल्या व्यवसायात बरीच नाराजी व्यक्त झाली. त्या पद्धतीवर आक्षेप घेता येतील, परंतु शिसे हे बालकांच्या अवधानाचा घात करणारे सर्वज्ञात द्रव्य आहे, यावर वाद नाही. लक्ष वाढावे म्हणून दिलेल्या पुडीतून शिसे जाऊ नये यासाठी बारा वर्षांखालील मुलांत आम्ही या विकारासाठी रसकल्प वापरीत नाही. वनस्पतिज कल्पांच्याही प्रत्येक बॅचचे जड धातूंचे तपासणीपत्र उत्पादकाकडून मागवून ते दुकानाच्या फाईलला लावावे. जो उत्पादक ते देत नाही, त्याचा माल बालकांसाठी ठेवू नये.